कानातली शिट्टी आणि ब्लोअर नंबर तीन

नवरात्र नुकतंच संपलं होतं. रविवारची दुपार, जेवणं झालेली, वंदना आडवी झाली होती आणि मुलगी मुग्धा मैत्रिणीकडे गेली होती. डोंबिवलीत आमच्या सोसायटीत एवढी सामसूम क्वचितच असते. मी पेपर वाचत बसलो होतो आणि एक बारीक शिट्टी ऐकू आली. सी... अशी, न थांबणारी.

मी कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. असा आवाज आला की मला बसवत नाही. आधी इन्व्हर्टरपाशी गेलो. त्याला कान लावला, बंद केला, शिट्टी चालूच. मग फ्रिज बंद केला, वायफायचा डबा काढला, मुग्धाच्या फोनचा चार्जर उपटला. शेवटी मेन स्विच पाडला. पंखा थांबल्यामुळे वंदना जागी झाली.

"काय चाललंय तुमचं?"

"कुठेतरी शिट्टी वाजतेय. ऐक."

तिने दोन मिनिटं मनापासून ऐकलं. "मला काही येत नाहीये. कान वाजतायत तुमचे," असं म्हणून ती कूस बदलून पुन्हा झोपली. आपल्याकडे हे कोणीही कोणालाही म्हणतं. मी काही ते मनावर घेतलं नाही. गच्चीवर जाऊन टाकीचा पंप बघितला, सेक्रेटरींना फोन करून सांगितलं की पंपाचं बेअरिंग जातंय, आणि पुढच्या रविवारी पंपवाल्याला बोलावून माझ्या देखरेखीखाली त्याला तो उघडायला लावला. पंपाला काहीही झालेलं नव्हतं. सेक्रेटरींनी वर माझे आभारच मानले.

खडवली

वंदनाच्या भावाने खडवलीला नदीजवळ जागा घेतली आहे. पंप उघडला त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही तिथे गेलो. घर अजून बांधलेलं नाही, एक पत्र्याची शेड आहे आणि चार आंब्याची कलमं. वीजही नाही. सगळे नदीवर गेले आणि मी शेडपाशी खुर्ची टाकून बसलो.

शिट्टी तिथेही होती. डोंबिवलीत होती तेवढीच, किंबहुना जरा जास्त स्पष्ट.

दूरदूरपर्यंत मोटर नाही, तार नाही, खांब नाही. मी उठलो, शेडला फेरी मारली, खुर्ची उचलून शंभर पावलं दूर नेली. मग खुर्चीवर बसलो आणि दोन्ही कानांत बोटं घातली. आवाज वाढला. बोटं काढली, पुन्हा घातली. पुन्हा वाढला. सगळे नदीवरून परत आले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, काय मस्त शांतता आहे ना?" मी हो म्हटलं.

माझं काम

इथे थोडं कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी पुढे जे केलं ते कळणार नाही.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कापडावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं आहे. फिरणाऱ्या प्रत्येक यंत्रात बेअरिंग असतं आणि बेअरिंग मरण्याआधी बोलतं. ते ऐकायची आमची जुनी पद्धत म्हणजे स्क्रूड्रायव्हर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची आणि दुसऱ्या कानात बोट घालायचं. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. खराब झालेलं कटकट करतं. आणि ग्रीस संपून कोरडं पडलेलं असेल तर शिट्टी मारतं.

कंपनीने कंपनं मोजायचं मीटर आणून दिलंय. ते कपाटात असतं. मी आलो की सगळे म्हणायचे, "दामलेसाहेबांचा कान असताना मीटर कशाला?" मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. मॅनेजर बदलले, मालकांची दुसरी पिढी आली, पण "दामलेंनी ऐकलंय का?" हा प्रश्न बदलला नाही. एरवी माझ्यात सांगण्यासारखं काही नाही. गाता येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. कान होते.

त्यामुळे खडवलीहून आल्यावर मी ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. होईल आपोआप बरं. मळ असेल कानात. कोमट तेल घातलं, वाफ घेतली, गाडीवरून जाताना मफलर गुंडाळला. कारखान्यात गडगडाट असतो, त्यात शिट्टी बुडून जायची, म्हणून कामावर बरं वाटायचं. मी लवकर जाऊ लागलो आणि उशिरा येऊ लागलो. नवऱ्याला एकाएकी कामाची एवढी ओढ का लागली, असा प्रश्न वंदनाला पडला होता हे तिने मला नंतर सांगितलं.

ब्लोअर नंबर तीन

दिवाळीनंतरची गोष्ट. कापड वाळवणाऱ्या मशीनला गरम हवा देणारे चार ब्लोअर आमच्याकडे आहेत. त्यांची फेरी मी दर सोमवारी करतो. तीन नंबरला स्क्रूड्रायव्हर लावला, उजव्या कानात बोट घातलं आणि डाव्या कानाने ऐकलं. शिट्टी. स्वच्छ, बारीक, कोरड्या बेअरिंगची.

तिथे पाटील उभा होता. ब्लोअर आणि कॉम्प्रेसर त्याच्याकडे आहेत, तेलपाणी आणि ग्रीसिंग तोच करतो. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या गावातला, तिथला मूळचा. वडिलोपार्जित जमिनीवर आता दोन इमारती उभ्या आहेत, भाडी येतात, त्याला नोकरीची काडीची गरज नाही. तरी अठरा वर्षं सातच्या ठोक्याला हजर. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. दर पावसाळ्यात त्याच्या घरून आमच्याकडे शेवळं येतात, ती रानभाजी, निवडून, बरोबर तिची खाज मोडणारी आंबट काकडं घालून.

"याचं ग्रीस संपलंय," मी म्हणालो.

"नाय रे. परवाच भरलाय मी."

"मग बेअरिंग गेलंय. उघडायला लागेल."

नवीन आलेल्या इंजिनीयर मुलीने मीटर आणलं. मीटर म्हणालं, सगळं ठीक आहे. मी म्हणालो, मीटरची बॅटरी बघा. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, मीटरकडे बघितलं आणि मशीन बंद करायला सांगितलं. पूर्ण एक पाळी लाइन उभी राहिली. सहा माणसांनी ब्लोअर उघडला. बेअरिंग नव्यासारखं होतं, ग्रीसही ताजं, पिवळंधमक.

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मला कळलं होतं की शिट्टी माझी आहे. खडवलीत कानात बोटं घातली तेव्हा आवाज वाढला होता, तसाच इथेही वाढला होता. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "ग्रीस जास्त भरलंय. म्हणून आवाज देत होतं."

जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं, आवाज करतं, हे खरंच आहे. म्हणून सगळ्यांना ते पटलं. पाटील एवढंच म्हणाला, "मापानीच भरलाय," पण ते कोणी ऐकलं नाही. दोन दिवसांनी त्याला मेमो मिळाला. कामात निष्काळजीपणा.

तो माझ्या टेबलाशी आला. कागद घडी करून खिशात ठेवलेला होता. "मना पगाराची परवा नाय, दामले," तो म्हणाला. "पन अठरा वर्सांत माझ्या नावाचा एक कागद नाय निघाला. घरा पोरांना काय सांगू?" मी मान खाली घालून फाइल चाळत राहिलो. तो निघून गेला. त्यानंतर तो मला दामलेसाहेब म्हणू लागला.

काचेची खोली

मेमोनंतर झोप पार उडाली. दिवसाही शिट्टी सोडत नव्हती, आता कारखान्यातही ऐकू येत होती. माझी चिडचिड वाढली. मुग्धाने कपाटाचं दार जरा जोरात लावलं म्हणून मी तिच्यावर असा ओरडलो की ती रडत आत गेली. चोवीस वर्षांची, नोकरी करणारी मुलगी, तिच्यावर मी याआधी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी वंदनाने मला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि म्हणाली, "आता सांगा. दुसरी बाई असेल तर तेही सांगा, पण सांगा." मी शिट्टीचं सांगितलं. पाटलाचं नाही सांगितलं.

ती म्हणाली, "अहो, एवढंच? मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

तिने लगेच नंबर लावला.

ठाण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कान तपासले, मळ वगैरे काही नव्हता. मग श्रवणतपासणीसाठी एका जाड दाराच्या, काच असलेल्या छोट्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन. बाहेर एक तरुण ताई बसलेली. आवाज आला की बटण दाबायचं. दार बंद झालं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखरच्या बंदिस्त जागेत माझ्या शिट्टीबरोबर एकटा होतो. हेडफोनमधला आवाज कुठला आणि माझा कुठला हे मला कळेना. मी उगाचच बटण दाबायला लागलो. नंतर नंतर दाबायचंच बंद केलं. घामाने शर्ट भिजला होता. ताईंनी दार उघडून पाणी दिलं आणि म्हणाल्या, "काका, हे पास-नापास नाहीये. सावकाश." पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. रेघ सरळ चालत येऊन उजवीकडे एकदम खाली कोसळली होती, डाव्या कानाची जास्त. बारीक, उंच आवाज मला बऱ्याच वर्षांपासून कमी येत असणार, असं त्या म्हणाल्या. एकतीस वर्षांचा गडगडाट. "आणि कानाचं संरक्षण वापरत होतात?" इअरप्लग आम्हाला मिळतात. पण ते घातले तर बेअरिंग कसं ऐकू येणार?

"बरं होईल का?" वंदनाने विचारलं.

"आवाज बंद करायचं औषध माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "त्याचा त्रास कमी होतो. बऱ्याच जणांचा खूप कमी होतो. मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. पण त्याला वेळ द्यायला लागतो." डाव्या बाजूला जास्त होतं म्हणून एक स्कॅनही करायला सांगितला. तो निर्धोक निघाला, पण रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस मी मनातल्या मनात माझं इच्छापत्र तीनदा लिहिलं.

बाहेर आल्यावर आम्ही रस्त्याच्या कडेला चहा घेतला. मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

घरातली दया

आता घरच्यांना कळलं होतं. त्यांनी काय करावं? त्यांनी घर गप्प केलं. मी घरात असताना मिक्सर बंद. टीव्हीचा आवाज एक आकडी. मुग्धा फोनवर बोलायला जिन्यात जाऊ लागली. वंदना भांडी अशी ठेवायची की जणू काचेची असावीत. एवढ्या मायेने केलेली ती शांतता होती आणि तिने माझा जीव नकोसा केला. घर जितकं गप्प तितकी शिट्टी मोठी. त्यांना सांगायची सोय नाही, कारण ते माझ्यासाठी चाललं होतं.

एक दिवस गॅलरीत उभा होतो. चौथा मजला. खाली बघताना नको तो विचार मनात येऊन गेला. क्षणभरच, पण आला. हे लिहावं की नाही यावर खूप विचार केला. लिहितोय, कारण ज्याला असा विचार येतो त्याला वाटतं की फक्त आपल्यालाच आला. मी तो दुसऱ्या दिवशी फोन करून डॉक्टरांना सांगितला. त्या दचकल्या नाहीत. त्यांनी मला समुपदेशकाकडे पाठवलं, आणि ते फार बरं झालं. तुमच्याही मनात आला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

पुढच्या भेटीला त्या तपासणीवाल्या ताईंनी घरच्या शांततेबद्दल ऐकून कपाळावर हात मारून घेतला. "अहो काकू, उलट करा! घरात आवाज असू द्या. हलका, सारखा. पंखा, रेडिओ, काहीही."

त्या संध्याकाळी वंदनाने इतक्या दिवसांचा राग मिक्सरवर काढला. खोबरं, चटणी, इडलीचं पीठ, सगळं एकदम. मला बरं वाटलं.

काय काय केलं

हे माझं आहे, तुमचं वेगळं असेल.

मुग्धाने फोनवर पावसाचा आवाज लावून दिला. त्याने शिट्टी झाकली, पण मला दर अर्ध्या तासाने बाथरूमला जावं लागायचं. तो बंद केला. माळ्यावर एक जुना टेबलफॅन होता, त्याचं पातं जरा डुगडुगतं आणि खुडखुड आवाज येतो. तो माझ्या उशापाशी आला. दोन स्क्रू आवळले तर तो आवाज जाईल. आयुष्यात पहिल्यांदा मी एक यंत्र मुद्दाम नादुरुस्त ठेवलं आहे आणि रोज त्याच्याकडे बघून हात शिवशिवतात.

शिट्टीची मी वही ठेवली होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ, दहापैकी किती. लॉगबुकाची सवय. ताईंनी ती वही मागून घेतली आणि परत दिलीच नाही. "काका, दर चार तासांनी तुम्ही तिला हाक मारताय. ती येणारच." आठवडाभर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग एका दुपारी मी वंदनाबरोबर मटार सोलत बसलो होतो, रेडिओ चालू होता, आणि अचानक लक्षात आलं की मघापासून शिट्टी ऐकलेली नाही. लक्षात आल्याबरोबर ती आली. पण मधला अर्धा-पाऊण तास माझा होता. मी वंदनाला सांगितलं तेव्हा तिने माझ्यापुढे आणखी मटार ओतले.

डाव्या कानाला श्रवणयंत्र लावायला मी महिनाभर नाही म्हणत होतो. मेन्टेनन्सचा दामले आणि कानात मशीन? शेवटी लावलं. घरी आलो तेव्हा वंदना फोडणी घालत होती आणि मोहरी तडतडली. किती वर्षांनी ऐकली कोण जाणे. मला वाटत होतं की मोहरीच हल्ली चांगली मिळत नाही. बाहेरचे आवाज आत आले की आतला आवाज जरा मागे सरतो, हेही खरं निघालं.

नातेवाइकांचं न सांगितलेलं बरं. लसणाचं तेल, कापूर, कांद्याचा रस. कोपरीचे आमचे अण्णाकाका पंचवीस वर्षं ध्यानाला बसतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "सतीश, हा अनाहत नाद आहे. माणसं जन्म घालवतात, तेव्हा एखाद्याला ऐकू येतो. तू भाग्यवान आहेस."

"काका, तुम्हाला हवाय का?" मी विचारलं.

ते जरा रागावले. पण नंतर वंदनाला फोन करून म्हणाले की तो थट्टा करायला लागला म्हणजे बरा होतोय.

मेमो

अण्णाकाकांना सगळं कळलेलं नव्हतं. झोप थोडी सुधारली, शिट्टी थोडी मागे गेली, पण कारखान्यात पाटील "दामलेसाहेब" म्हणाला की मी नजर दुसरीकडे वळवायचो. मी अजूनही फेऱ्या करत होतो. स्क्रूड्रायव्हर लावायचो, ऐकल्यासारखं करायचो आणि गुपचूप त्या इंजिनीयर मुलीने घेतलेला मीटरचा आकडा बघून सांगायचो. तिने ते ओळखलं असावं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

संक्रांतीला वंदनाने हळदीकुंकू केलं. पाटलाची बायको दरवर्षी येते, या वर्षी आली नाही. वंदनाने फोन केला तर ती म्हणाली, "घरा बरा नाय चाललं वहिनी. यांना कामावर कागद दिला तवापासून जेवत नाय नीट."

वंदना फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. "कसला कागद?"

मी सांगितलं. सगळं. ब्लोअर, शिट्टी, ग्रीस. सांगताना मला वाटलं होतं ती म्हणेल, आजारी होतात तुम्ही. ती तसं म्हणाली नाही.

"म्हणजे कान तुमचे, आणि शिक्षा पाटलांना?"

"मला माहीत नव्हतं मेमो देतील म्हणून."

"आणि दिल्यावर?"

मी म्हणालो, "हे सांगितलं तर मी तिथे कोण उरतो, वंदना?"

तिचे डोळे भरले. पण आवाज हलला नाही. "ते मला नाही माहीत. पण उद्या सांगून या. मी डबा देणार नाही तोवर." तिने खरंच दिला नाही.

सकाळचे सात

पाळी सुरू होण्याआधी आमच्याकडे सगळे शेडपाशी पाच मिनिटं उभे राहतात. काल काय झालं, आज काय करायचं. मॅनेजरचं बोलून झालं आणि मी हात वर केला. मला चारचौघांत बोलता येत नाही हे मी वर लिहिलंच आहे.

"तीन नंबरच्या ब्लोअरला काही झालेलं नव्हतं," मी म्हणालो. "ग्रीसही बरोबर होतं. मला कानात सारखी शिट्टी ऐकू येते. आजार आहे. तीच मी बेअरिंगची समजलो. आणि ब्लोअर उघडल्यावर माझ्या लक्षात आलेलं. तरी मी पाटलावर ढकललं. त्याचा मेमो मागे घ्या आणि मला द्या. आणि यापुढे मीटर वापरा, माझ्या कानावर जाऊ नका."

मॅनेजरने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "ऑफिसमध्ये या नंतर." माणसं पांगली. मी पाटलाकडे बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती. ऑफिसात अर्धा तास गेला. मेमो मागे घेतला. मला जे ऐकून घ्यायला लागलं ते रास्तच होतं.

बाहेर आलो तर पाटील कॉम्प्रेसर रूमच्या दाराशी उभा होता. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.

"कसा येतं आवाज तुना?" त्याने विचारलं.

"बारीक शिट्टी. सी... अशी. सारखी."

"कुठच्या कानात?"

"दोन्ही. डाव्यात जास्त."

"जेवून झाडाखाली बसलास का जास्त येतं? गाडी, मशीन, कायच नसला का?"

"हो," मी म्हणालो. "तुला कोणी सांगितलं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. अठरा वर्षं त्या कॉम्प्रेसरशेजारी घालवलेला माणूस.

"म्हंजे त्या सगल्यांना नसतं?" तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय.

"मना धा-बारा वर्सा झाली," पाटील म्हणाला. "मना वाटला शांतता अशीच वाजतं. सगल्यांनाच."

मी त्याचा हात धरला. माझ्यासाठी मी तीन महिने रडलो नव्हतो, ते रडू तिथे, कॉम्प्रेसरच्या दारात आलं. तीन-चार जण बघत होते, बघू देत.

"दामले," तो म्हणाला, साहेब न लावता. "मंग कसा असतं रे? कायच वाजत नसला म्हंजे?"

मी आठवायचा प्रयत्न केला. काहीतरी सांगावं म्हणून तोंडही उघडलं. पण त्याला समजेल असं एक वाक्य मला जुळवता आलं नाही.

"उद्या रजा टाक," मी म्हणालो. "मी येतो तुझ्याबरोबर ठाण्याला."